माणिकबाईच्या दारातला हंडा

अकोल्याच्या नवजीवन ले-आउटमध्ये आजही कोणालाही विचारा. तो आधी मागेपुढे पाहील, मग आवाज खाली आणून सांगेल, की माणिकबाई अढाऊच्या दारात मोहरांचा हंडा होता. गल्लीचा रस्ता खोदायच्या आधीच म्हातारीने अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांत तिखट टाकून तो लांबवला. ठेवला कुठे? कोणी म्हणतं माहेरी हिवरखेडला पोचवला. कोणी म्हणतं घरातच आहे, मिरचीच्या पिंपात. त्या पिंपात हात घालून पाहायची हिंमत मात्र अजून कोणी केलेली नाही.

आता ले-आउट म्हणजे काय, तर पऱ्हाटीच्या वावरात चुन्याच्या रेघा मारून विकलेले प्लॉट. माणिकबाईच्या सासऱ्याचं घर त्यात सगळ्यात जुनं. ते बांधलं तेव्हा दारातून थेट नाल्यापर्यंत कापूस दिसायचा. मग घरं आली, गल्ली झाली, आणि गल्लीत पावसाळ्यात चिखल झाला. काळ्या मातीचा चिखल तो. चप्पल घेतो आणि परत देत नाही. लोकांनी त्यावर मुरूम टाकला. पुढच्या वर्षी त्या मुरमावर मुरूम. त्यावर कोणाच्या पाडलेल्या भिंतीचा मलबा. आधीचं उचलून मग नवं टाकावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असलं तरी त्याला पैसे पडतात म्हणून ते लगेच निघून गेलं. असा रस्ता चढत गेला. मागून बांधणाऱ्यांनी जोती उंच घेतली. माणिकबाईच्या दाराच्या पायऱ्या मात्र एकेक करून मुरमात गेल्या आणि उंबरठा रस्त्याच्या बरोबरीला आला.

उंबरठ्याच्या आत, समोरच्याच खोलीत, तिची तिखट कुटायची मशीन होती. नवरा गेल्यावर हीच मशीन तिचा कमावता माणूस. उन्हाळ्यात अर्ध्या ले-आउटच्या बाया मिरच्या घेऊन तिच्या दारात शिंकत बसायच्या. मागच्या श्रावणात पाणी उंबरठा ओलांडून आत आलं आणि मोटर जळाली. ती नव्या तारेने भरून आणेस्तोवर पोळ्याचा सण तिने उसनवारीवर काढला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की माणिकबाई आभाळाकडे पाहत नसे. उंबरठ्याकडे पाहत असे.

अशात सिमेंटच्या रस्त्याची बातमी आली. महापालिकेच्या कचेरीतून सांगणं झालं, की ले-आउट अजून कागदावर धड चढलेला नाही. रस्ता हवा असेल तर अर्धा खर्च घरमालकांनी उचलावा. ज्याचं घर रस्त्यावर जितकं रुंद, तितका त्याचा वाटा.

बस, इथे गंमत सुरू झाली. एरवी सोयऱ्यांसमोर प्लॉटची रुंदी सांगताना ज्यांचे दोन्ही हात भिंतीला लागायचे, ते टेप निघाल्याबरोबर पोट आत घेऊन उभे राहिले. गजेंद्रने तर जिन्याखालची बोळ मोजू द्यायची नाही म्हणून हुज्जत घातली.

"ते माही भिंत नोहे ना भाऊ. ते हवा हाय. हवेचे पैशे लावता का?"

हा गजेंद्र पतसंस्थेत वसुलीला होता, म्हणून गल्लीच्या वर्गणीचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. दुसऱ्याकडून वसूल करताना त्याला हवासुद्धा दिसायची.

माणिकबाईचं घर सगळ्यात जुनं, म्हणून सगळ्यात रुंद. तिचा वाटा सगळ्यांपेक्षा मोठा आला. तिने उन्हाळ्याची कमाई मोजून सगळ्यांच्या आधी नेऊन दिली. तिला वाटलं, रस्ता होईल, उतार निघेल, पाणी नाल्यात जाईल.

मग ठेकेदार पाहणीला आला. तिने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "जुना मुरूम खोदून काढसान ना आधी?"

"खोदकाम इस्टिमेटमंदी नाई, मावशी. हाय त्याच्यावरच दाबून टाकू. मस्त वीतभर जाड."

वीतभर. माणिकबाईने उंबरठ्याजवळ हाताची वीत उभी धरून पाहिली. म्हणजे पैसे सगळ्यांत जास्त तिचे, आणि त्याच पैशांचं पाणी तिच्या मोटरमध्ये.

त्या संध्याकाळी गजेंद्रच्या ओट्यावर गल्ली जमली. माणिकबाई सहसा चारचौघांत बोलत नसे. त्या दिवशी उभी राहिली.

"खोदून रस्ता करा. नाई तं माह्या घरात तळं होते."

"काकू, खोदकामाचा खर्च वेगळा हाय," गजेंद्र म्हणाला. "तुमच्या एका घरासाठी साऱ्या गल्लीनं भुर्दंड भरावा का? तुमीच सांगा."

"मंग मी काहून भरले तुमच्या गल्लीसाठी?"

"तुमचं घर उचलून घ्या ना वर. आजकाल जॅक लावून घर उचलतेत म्हने, मोबाइलवर पायलं म्या."

लोक हसले. आशाबाईसुद्धा हसली, जी रोज तिच्याच ओसरीत बसून तिच्याच घरचा चहा प्यायची. एक शेषराव तेवढे हसले नाहीत. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, समोरच्या घरातले. बुद्धविहाराच्या कामात पुढे असायचे, आणि सरळ तोंडावर बोलायचे म्हणून गल्ली त्यांना जरा टरकून असायची.

"पानी कोनाच्या घरात जाते हे पाहून हसू नोका," ते म्हणाले. "आज तिच्या जाते."

पण हात वर करायची वेळ आली तेव्हा खोदकामाच्या बाजूने दोनच हात. ठेकेदार पुढच्या आठवड्यात सिमेंट टाकणार होता. मृग तोंडावर आला होता.

माणिकबाई घरी आली. मशीन उचलून कुठे ठेवता येईल, ते तिने पाहिलं. मागची खोली तिच्या स्वतःच्या झोपण्यापुरती.

दुसऱ्या दिवशी आशाबाई मिरच्या घेऊन आली. कालचं हसणं विसरून गेल्यासारखी. माणिकबाईही विसरून गेल्यासारखी. मशीन धडधडत होती म्हणून दोघी जरा ओरडूनच बोलत होत्या.

"काहून गं बाई, खोदाचं लयच मनावर घेतलं तुनं?"

"घेऊ नाई तं का करू? आमची वास्तू हाय ना खाली."

"कोनती वास्तू?"

"पायाभरनीच्या वक्ताले कोपऱ्यात तांब्या पुरला होता मामंजीनं. मंग रस्ता रुंद केला तवा भित मागं घेतली अन् कोपरा गेला रस्त्यात. तांब्या तथीच हाय. त्याच्यावर आता सिमेंट पडन."

आशाबाईचा हात मिरचीत थांबला. "तांब्यात का होतं वं?"

माणिकबाईने मशीन बंद केली. पदराने तोंड पुसलं. चाळणी उचलली, खाली ठेवली.

"आता का सांगू बाई," ती म्हणाली. "जाऊ दे."

एखादी गोष्ट गल्लीभर करायची असेल तर आशाबाईला ती सांगू नये, अर्धी सांगावी. दुपारच्या चहापर्यंत तांब्याची घागर झाली. संध्याकाळी नळाला पाणी आलं तेव्हा घागरीचा हंडा झाला होता. आणि पारावर पोचेस्तोवर त्यात निजामाच्या काळच्या मोहरा पडल्या होत्या, सासरा कुठल्याशा देशमुखाकडे कारभारी होता म्हणून. प्रत्यक्षात तो जिनिंगमध्ये गाठी बांधायचा. पण मोहरांना कारभारीच शोभतो.

आणि मग गल्लीला रस्त्याच्या मजबुतीची काळजी वाटू लागली.

"नाई पन, जुना मुरूम काढलाच पायजे," गजेंद्र स्वतः ओट्यावर सांगू लागला. "पाया पक्का नसन तं सिमेंट तडकते. म्या तं पयलेच म्हनलं होतं." खोदकामाची वर्गणी मागावी लागली नाही, लोक ती हातात घेऊन त्याच्या दारात उभे राहिले.

माणिकबाईला मात्र एकच धास्ती. कोणी सरळ विचारलं तर? तिला खोटं बोलायची सवय नव्हती. तिखटात मीठसुद्धा तिने कधी मिसळलं नव्हतं.

विचारायला शेषरावच आले. दारातच उभे राहिले.

"वहिनी, खरंच हाय का काही?"

ती उंबरठ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, तुमीबी पैशे दिले म्हने खोदाचे."

"मी वास्तू-बिस्तू मानत नाई. मशीनमंदी पानी जाईन हे मले दिसते. त्याच्यासाठी देले." ते जायला वळले, पुन्हा थांबले. "आशाबाईले आता अजून काही सांगू नोका."

खोदायच्या दिवशी जेसीबी सकाळीच गल्लीत शिरला. गजेंद्रने रजा टाकली होती. एरवी लग्नालाही न येणारी माणसं डोक्याला दुपट्टे बांधून उन्हात उभी.

"काकूच्या दारापासून सुरू करा," गजेंद्र म्हणाला.

"हो, हो, तथूनच," चार तोंडं एकदम बोलली.

माणिकबाईने मनात हिशेब केला. तिथून सुरू केलं तर तांब्या पहिल्याच घासाला वर येणार. तो वर आला की लोकांची हौस संपणार, खोदणं थांबणार, आणि तिच्या दारात उरणार एकटा खड्डा. मग अख्ख्या गल्लीचं पाणी त्या खड्ड्यात आणि तिथून मशीनमध्ये. होतं त्याहून वाईट. ती बोलायला पुढे झाली.

"अबे, उतार कोनीकडं हाय?" शेषराव ठेकेदारावर ओरडले. "नाल्याकडून खोदत ये. वरून खोदशीन तं पानी कुठी नेशीन, तुह्या घरी?"

ठेकेदाराने नाल्याकडे पाहिलं, मान डोलावली. "बराबर हाय. खालूनच घ्या लागते."

गजेंद्रचं तोंड मिरची चावल्यासारखं झालं. पण उतारापुढे त्याला बोलता येईना.

जेसीबी नाल्याकडून निघाला आणि एकेक दार मागे टाकत वर येऊ लागला. माणिकबाई उंबरठ्यावर बसून होती. आशाबाईने चहा आणून दिला. तो निवून गेला. मधेच यंत्र बंद पडलं. ठेकेदार म्हणाला, "बाकीचं राहू द्या का? दोनतीनच घरं तं उरली." पण त्या वेळी गल्लीतल्या प्रत्येकाने, जो गेल्या आठवड्यात खोदकामाच्या नावाने हसत होता, त्याने ठेकेदाराला असं काही फैलावर घेतलं की बिचारा स्वतः इंजिनाखाली शिरला.

दुपार कलली तेव्हा यंत्र तिच्या दाराशी आलं.

"मशीन नको! हातानं खोदा, हातानं!" गजेंद्र ओरडला, आणि पाटी-फावडं घेऊन स्वतः खड्ड्यात उतरला. पतसंस्थेतला इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत काळ्या मातीत. मुरूम निघाला, मलबा निघाला, पायऱ्यांचा जुना दगड उघडा पडला. मग फावड्याला काहीतरी टण्णकन लागलं.

गल्ली पुढे झुकली. कोणाचा तरी मोबाइल वाजला, कोणी उचलला नाही.

तो तांब्याच होता. हिरवा पडलेला, तोंड मातीने बंद. गजेंद्रने तो उपडा करून आपटला. काळी माती पडली, त्यात एक भुगा झालेली सुपारी, हळकुंडाचा तुकडा, आणि एक नाणं. रुपया. साधा, सरकारी.

"अजून खाली पाय ना," आशाबाई म्हणाली.

खाली काळी माती होती आणि तिच्याखाली आणखी काळी माती. गजेंद्र वर आला. त्याने माणिकबाईकडे असं पाहिलं, जशी काही ती थकीत खातेदार आहे. "काकू, हंडा कुठी हाय?"

"कोन म्हनलं तुमाले हंडा?"

गजेंद्रने आशाबाईकडे पाहिलं. आशाबाईने आभाळाकडे पाहिलं. मग पदर नीट करत म्हणाली, "पयलेच काढला असन बाई तिनं. मी म्हनतच होती."

आणि हेच सगळ्यांना पटलं. पैसे देऊन मूर्ख ठरण्यापेक्षा फसवलं गेलेलं बरं, नाही का?

रस्ता झाला. उंबरठ्याखाली दोन पायऱ्या पुन्हा उघड्या राहिल्या. मृगात धो-धो पाऊस पडला आणि पाणी सिमेंटवरून नाल्याकडे गेलं. मशीन चालू आहे. गल्लीतल्या बाया मिरच्या तिच्याकडेच कुटतात आणि कुटून होईस्तोवर पिंपाकडे पाहत राहतात.

हंडा नव्हता. मोहरा नव्हत्या. तांब्यात सुपारी, हळकुंड आणि एक रुपया आहे, हे माणिकबाईला पहिल्यापासून माहीत होतं. तो रुपया पायाभरणीच्या दिवशी नव्या सुनेच्या हातून टाकवला होता, आणि ती नवी सून तीच होती.