रिकाम्या पोर्टमधला पेनड्राइव्ह

भूतखेत, करणी... यातलं मी काहीच मानत नाही. घरी यावरून माझी थट्टाही होते. तरी हे लिहितोय, कारण मनात ठेवून झोप लागत नाही.

मी मूळचा नागपूरचा. बेंगळुरूत, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. तिथे महादेव अण्णा मशीनचे प्रोग्रॅम लिहायचे. निपाणीचे, त्यामुळे आमचं मराठीतच चालायचं. पेनड्राइव्ह कायम गळ्यात! हार्ट अटॅकनं अचानक गेले. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, तो काढूच दिला नाही. चितेवरही तसाच गेला... मी तिथेच उभा होतो.

थोडं टेक्निकल सांगतो. चांगल्या पेनड्राइव्हला कंपनीनं दिलेला सीरियल नंबर असतो. ड्राइव्हचं नाव कोणीही बदलेल; कॉम्प्युटर ओळखतो तो नंबरावरून. आमच्याकडे परवानगी दिलेले नंबरच चालतात. अण्णांचा मीच बंद केला होता.

नंतर त्यांच्या टेबलावर नवाकोरा कॉम्प्युटर आला. भर दुपारी मी आणि काव्या, त्यांच्या जागी आलेली इंजिनिअर, तो सेट करत होतो. अचानक पेनड्राइव्ह लावल्यावर होतो तो आवाज झाला. स्क्रीनवर ड्राइव्ह दिसला — नाव ‘महादेव’.

काव्यानं वाकून मागे-पुढे पाहिलं. “सर, पोर्ट तो सब खाली हैं...”

मी सीरियल नंबर उघडला. अण्णांचाच.

‘इजेक्ट’ दाबलं. मेसेज आला — डिव्हाइस वापरात आहे.

कोण वापरतंय?

काव्या बाहेर पळाली. मी अक्कांना फोन लावला.

“गळ्यातच होता की रे,” त्या म्हणाल्या. “तू पण होतास की तिथं. का, काय झालं?”

“काही नाही,” म्हणत मी फोन ठेवला. समोर फोल्डर एकामागून एक उघडत होते. माऊसवर माझा हात नव्हता.

“अण्णा,” मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, “सोडा आता. आम्ही बघतो काम.”

फोल्डर थांबले. मी पुन्हा ‘इजेक्ट’ दाबलं.

‘आता डिव्हाइस सुरक्षितपणे काढता येईल.’

काव्यानं दुसऱ्या दिवशीच टेबल बदलून घेतलं. मित्र म्हणतात, सिस्टिमचा घोळ असेल. असेलही. पण कोऱ्या कॉम्प्युटरला तो नंबर सांगितला कोणी?