नटाच्या पंगतीचं तूप

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला वाटीभर तुपाचं काय एवढं. सांगते.

पोलादाच्या कारखान्याची पहिली भट्टी पेटून फार दिवस झाले नव्हते. कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरात, अर्धे क्वार्टर उभे, अर्ध्या जागी विटांचे ढीग. आमच्या बाजूला दवाखान्यातली सिस्टर राहायची. अलिबागकडची, बेने इस्रायल. म्हणजे ज्यू, पण पिढ्यान् पिढ्या कोकणातली. तिचं मराठी आमच्या नागपुरीहून गोड. शनिवारी चूल पेटवायची नाही, एवढाच काय तो फरक आम्हाला ठाऊक. माझी मोठी पोरगी तिच्याच हातावर जन्मली.

त्या वर्षी सेक्टरातल्या मराठी लोकांनी मुंबईचा एक मोठा नट बोलावला. मैदान भरून गेलं. नाटक झाल्यावर तो भाषणाला उभा राहिला आणि हसवता हसवता म्हणाला, "ज्यू म्हणजे जगाला लागलेल्या जळवा! हिटलरनं बरोबर ओळखलं होतं त्यांना." लोक हसले. टाळ्या पडल्या. आमचे हेही हसले. सिस्टर माझ्या शेजारीच होती. उठली, पदर सावरला आणि सगळ्यांसमोरून चालत घरी गेली.

सकाळी तिच्याकडे गेले, तर ती ट्रंकेत कपडे भरून राहिली होती.

"बदली मागते," म्हणाली. "तो नट काय, आज आला, उद्या गेला. पण हसले ते माझे शेजारी होते गं. त्यांच्या बायकांची बाळंतपणं केलीत मी."

मी घरी आले ती तणतणतच. दुपारी नटाचं जेवण आमच्याकडेच ठरलेलं.

"कावून तोंड फुगवून राहिली?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही पाट मांडा."

पंगत बसली. मधोमध नट, बाजूला नाटकाच्या कमिटीचे अध्यक्ष, मग आमचे हे आणि बाकीचे. मीठ, लिंबू, चटणी, भाजी, भाताची मूद, वरण, सगळं वाढलं. जवळच्या रिसाली गावच्या गवळ्याच्या दुधाचं तूप, वास घरभर. आपल्यात वरणभातावर तूप पडल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नाही. मी वाटी घेऊन दारातच उभी राहिले.

"वहिनी, तूप!" अध्यक्ष म्हणाले.

"वाढते ना. पहिले पाहुण्यांनी कालचे शब्द वापस घ्यावे. आमची सिस्टर ज्यू आहे."

नट हसला. "अहो बाई, गंमत होती ती! कलावंताचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं."

"मग तुम्ही बी माझं तूप मनावर घेऊ नका."

ह्यांनी डोळे वटारले. "पाहुणा उपाशी उठला तर तोंड दाखवता येईल काय मले?"

"काल दाखवलं ना, दात काढून."

नट लाल झाला. ताटावरून उठला, चपला घातल्या, बाहेर जीपमध्ये जाऊन बसला. अध्यक्ष मागं पळाले आणि कपाळ पुसत परत आले. "गेला तो. आता तरी वाढा."

"तो गेला. हसणारे तर इथंच बसून आहेत. पहिले सिस्टरच्या दारी जा."

वरण गार झालं. मग आमचे हेच उठले. त्यांच्यामागं बाकीचे.

सिस्टरनं दार उघडलं, सगळ्यांचं ऐकून घेतलं, पण आत कोणालाच बोलावलं नाही. "हसलात मैदानात, आणि माफी माझ्या दारात? जिथं हसलात तिथंच सांगा. लाऊडस्पीकरच्या भोंग्यावर."

संध्याकाळी त्याच मैदानात पोरांना बक्षिसं वाटायची होती. अध्यक्षांनी भोंग्यावर सांगितलं: पाहुणा चुकला, आणि आम्ही हसलो ते त्याहून चुकलं. मागून कोणीतरी ओरडला, "एका बाईसाठी एवढं?"

"हो, एका बाईसाठी!" मी उभी राहून ओरडले. "तुह्या पोराची नाळ कोणं कापली, विचार घरी जाऊन!"

या वेळी बायका हसल्या.

सिस्टर ड्युटीचे पांढरे कपडे घालूनच आली होती. टाळी वाजवली नाही तिनं. परतताना मी भीत भीत विचारलं, "बदलीचं काय मग?"

"जायचं की राहायचं, ते मी ठरवीन," म्हणाली. "काल ते लोक ठरवत होते."

आणि राहिली. रिटायर होईपर्यंत.