मैत्रिणीचे मामा आणि त्यांचे बिनतारी डबे

ठाण्यापासून कल्याणपर्यंत एवढी माणसं राहतात, पण पहिल्या भेटीत समोरच्याला नाव न विचारणारे माझ्या मैत्रिणीचे मामा एकटेच असावेत. नव्वदचं दशक तेव्हा संपत आलेलं. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉम्प्युटरच्या प्रोजेक्टला कुणीतरी वाट दाखवणारं हवं म्हणून मैत्रीण मला डोंबिवलीला त्यांच्याकडे घेऊन गेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ठाण्याच्या कोळीवाड्यातून निघताना आईने बजावलेलं, "मोठ्या मानसांसमोर नीट बोल गो, उगाच लाजत बसू नको." मी नाव, वडिलांचं नाव, कॉलेज, टक्के असं सगळं मनात घोकत गेले. मामांनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, दार लावलं, कडी घातली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुला काय काय येतं?"

माझं घोकलेलं सगळं पुसलं गेलं. "काही नाही," मी म्हणाले. मामा इतके खूश झाले की त्यांनी स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? ही खरं बोलते!" आतून मामी म्हणाल्या, "घाबरलीय ती. आधी बस तरी म्हणा तिला."

मामा पूर्वी बिनतारी संच बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. ती नोकरी सोडून ते घरी बसून सी भाषेत एक लायब्ररी लिहीत होते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रामात वापरावेत असे तयार तुकडे. त्यांच्या दोन खोल्यांत दोन कॉम्प्युटर होते, प्रत्येकाला एक पत्र्याचा डबा जोडलेला, डब्यात रेडिओ, आणि मध्ये तार नाही. एका डब्याने हवेत हाक मारायची, जवळपास कोण आहे? दुसऱ्याने म्हणायचं, मी आहे. मग पहिल्याने विचारायचं, तुला काय येतं? दुसरा सांगणार, मला कागद छापता येतो, त्यासाठी अमुक दाराशी ये. त्यानंतरच कामाचं बोलणं. प्रत्येक डब्यात मामांनी एक फळा कल्पिलेला होता आणि आपल्याला जे येतं ते डब्याने त्या फळ्यावर लिहायचं, असा नियम होता. "नावावरून कधी कळलंय का कुणाला काय येतं ते?" मामा मला म्हणाले. मी मान हलवली. त्यांच्या घरी पुढचे कितीतरी महिने मी मुख्यतः मानच हलवली.

डब्यांचा हा नियम मामा माणसांनाही लावत, हे मला कल्याणच्या एका लग्नात कळलं. मैत्रिणीच्या नात्यातलं लग्न होतं, मलाही बोलावलेलं. मामा स्टेजवर गेले आणि नवरदेवाचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्हाला काय येतं?"

"मी बँकेत आहे," नवरदेव म्हणाला.

"तो तुमचा पत्ता झाला. येतं काय?"

नवरदेवाने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. "पोहता येतं," तो शेवटी म्हणाला. मुलीच्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला, मामा आता भरल्या मांडवात काय बोलतात म्हणून. मामा समाधानाने म्हणाले, "छान. उपयोगी आहात." मामींनी त्यांना दंडाला धरून खाली आणलं आणि पंगतीत बसवलं. "आता इथे जिलेबी आहे, मठ्ठा आहे. त्यांना विचारा काय ते!" मी स्टेजखाली उभी होते, आणि लाज मला का वाटत होती हे मला अजून कळलेलं नाही.

वाण्याकडेही रोज हेच. "आज काय काय आहे?" वाणी म्हणायचा, "मामा, कालचंच आहे सगळं." "कालचं मला काल कळलं," मामा म्हणायचे, आणि तो बिचारा सगळा माल पुन्हा सांगायचा.

पण याहून मोठी त्यांची सवय म्हणजे, उघडं दिसलं की बंद करायचं. लोणच्याची बरणी, पेनाचं टोपण, दुसऱ्याच्या घरातलं कपाट, रस्त्यावरचा नळ. एकदा रेडिओचे भाग घ्यायला आम्ही नौपाड्यात गेलेलो. पुढे एक बाई चालत होत्या, खांद्याला पर्स, पर्सची चेन उघडी. मी काही म्हणायच्या आत मामांनी मागून जाऊन ती चेन ओढून बंद केली. बाईंनी अशी किंकाळी फोडली की फूटपाथवरचे पाच-सात जण धावले. कुणीतरी मामांची कॉलर धरली. मला वाटलं आता पोलीस, मग कॉलेज, मग वडील. तेवढ्यात एक रिक्षावाला रिक्षातूनच ओरडला, "अरे सोडा काकांना! चोर पर्स उघडतो, बंद कोण करतं?" सगळ्यांना ते पटलं आणि कॉलर सुटली. मामांनी कॉलर नीट केली, वरचं बटण लावलं आणि मला म्हणाले, "प्रोग्रामातही हेच. जे उघडलं ते आपणच बंद करायचं. अर्धे घोटाळे त्यानेच टळतात."

त्यांच्या लायब्ररीवर मी माझा प्रोग्राम लिहिला. एका कॉम्प्युटरने बिनतारी डब्यातून दुसरा शोधायचा, त्याला छापता येतं का विचारायचं आणि कागद छापून घ्यायचा, एवढंच. माझ्यासाठी ते एवढंच नव्हतं. काकांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलेलं. वडील कुणाला दुखवत नाहीत, त्यांनी मधला मार्ग काढला. मला म्हणाले, "यंदा पास झालीस तं नोकरी कर, मी काकाला सांगतो. नाय झालीस तं पुरे आता." आणि प्रोजेक्ट चालला नाही तर पास नाही, हे कॉलेजने आधीच सांगून ठेवलेलं.

परीक्षा आठवड्यावर आली आणि डबा अडून बसला. पहिल्या डब्याने हाक मारली की दुसरा म्हणायचा, मी आहे. तुला काय येतं विचारलं की म्हणायचा, काही नाही. मामांना रेडिओचा संशय आला, मिक्सरची खरखर त्यात शिरत असणार. त्यांनी मामींचा मिक्सर बंद करवला. फरक पडेना, म्हणून ते वरच्या मजल्यावर गेले, "पोरीची परीक्षा आहे, तुमचा मिक्सर चार दिवस थांबवता का?" मग खालच्या मजल्यावर. एका पोरीसाठी सबंध इमारतीने चटणी सोडली, आणि डबा तरी काही नाहीच म्हणत होता.

"अहो, डबा म्हणतोय मी आहे," मामी वैतागून म्हणाल्या, "म्हणजे ऐकू तर येतंय ना त्याला? मग माझ्या मिक्सरच्या मागे का लागलात?"

हे ऐकून मी रेडिओ सोडला आणि मामांच्या लायब्ररीचा छापील कोड घेऊन बसले. फळ्यावर लिहिण्याचा जो तुकडा होता तो मी हळूहळू वाचला. तो फळ्याशी सेशन, म्हणजे बोलण्यापुरती वाट, उघडत होता, 'छापता येतं' असं लिहीत होता आणि लगेच सेशन बंद करत होता. आणि फळ्याचा नियम, तोही मामांचाच, असा होता की लिहिणाऱ्याचं सेशन बंद झालं की त्याने लिहिलेलं पुसून टाकायचं. गेलेल्याच्या नावाने खोटी पाटी राहायला नको म्हणून. पूर्वी चालायचं, कारण चाचणीसाठी मध्ये एक थांबा होता, 'कळ दाबा' म्हणून, आणि कळ दाबेपर्यंत सेशन उघडं राहायचं. परीक्षेआधी नीटनेटकं करताना मामांनी तो काढून टाकलेला.

चूक सापडली, पण ती सांगायची कशी? मी दोनदा पाणी प्यायले. मग म्हणाले, "मामा, रागावणार नाही ना?"

"बोल."

"तुम्ही... तुम्ही बंद करताय. म्हणून पुसलं जातंय."

मामांनी कागद घेतला. वाचला. चष्मा काढला आणि पुन्हा वाचला. मामी पदराला हात पुसत दारात आल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना धक्के देणाऱ्या त्या माणसाला धक्का बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "म्हणजे मीच," ते म्हणाले. "लिहायचं मीच शिकवलं, पुसायचंही मीच." मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ती ओळ तू काढ. माझ्या हातून होणार नाही."

मी ती काढली आणि काम पुरतं संपल्यावरच बंद होईल अशी शेवटी नेऊन ठेवली. डबा म्हणाला, छापता येतं. मामींनी लगेच मिक्सर लावला, आणि तो चालू असतानाही डबा म्हणाला, छापता येतं.

परीक्षेला दोन्ही डबे कॉलेजात मांडले, आणि बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं त्याच जागी बोट ठेवलं. "हे सेशन इथे उघडं का ठेवलंस? निष्काळजीपणा आहे हा." पण उत्तर मला येत होतं. मी म्हणाले, "सर, बंद केलं तर हा डबा समोर असूनही कुणाच्या उपयोगाचा राहणार नाही." त्यांनी मला बंद करून दाखवायला सांगितलं, मग उघडं ठेवून. दुसऱ्या कोपऱ्यातला प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर ढकलू लागला तेव्हा त्यांनी मान हलवली.

मी पास झाले. वडिलांनी काकांना काय सांगितलं ते मला ऐकू दिलं नाही, पण स्थळाचं पुन्हा कुणी बोललं नाही. मला माजिवड्याला नोकरी लागली. तिथे वर्षाच्या आतच साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनी मिळून हेच सगळं ठरवलंय, उपकरणांनी एकमेकांना कसं शोधायचं, काय विचारायचं. आता सगळीकडे तेच चालणार. ते ऐकून मला मामांचा चेहरा दिसला, आणि मी कितीतरी दिवस डोंबिवलीला गेलेच नाही. शेवटी एका रविवारी गेले आणि अडखळत सांगून टाकलं. मला वाटलेलं ते कोसळतील. मामा मात्र खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे बरोबर होतं की आपलं!" ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "चांगलं झालं. आता कुणाला माझ्याकडे यायला नको." हे त्यांनी इतक्या आनंदाने म्हटलं, की त्यात आपलं काय गेलं ते त्यांना कळलं की नाही, मला समजेना.

मी अजून जाते रविवारी. काम काही नसतं. मामी चहा करतात, मामा खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवतात, मी ऐकते. ऊन उतरलं की मी उठते, आणि दर वेळी चपला घालताना काहीतरी कारण सांगून निघावं असं वाटतं. ते कारण अजून मला सापडलेलं नाही, म्हणून मी आणखी थोडा वेळ परत बसते.