स्क्रीन आली, फोटो गेले
मंडळी, आज खर्डीला एका ताईंचा कॉम्प्युटर बघायला गेलो होतो. लिनक्स सुरू होताना मॉनिटर काळा पडायचा. त्यांच्या वारलेल्या मुलीचे सगळे फोटो त्यातच होते.

जुन्या मॉनिटरला लिनक्सचं मोठं रिझोल्यूशन झेपत नव्हतं. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन ते कमी केलं, लगेच स्क्रीन आली. पण आत एकही फोटो नव्हता.

"ताई, आधी कोणी बघितला होता का?"

"एक जण आलेला. लिनक्स नवीन टाकलं म्हनला, तरी काय दिसत नाय."

नवीन लिनक्स टाकताना त्याने सगळी डिस्क पुसली होती. दुपारभर खटपट केली, एकही फोटो परत मिळाला नाही.

"मंग आता तिला कुठं बघू रे?" ताईंनी विचारलं.

रिपेअरिंगवाल्यांनो, पुसण्याआधी आत काय आहे हे विचारता ना?