अपघात म्हणू नका

माझी वहिनी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे येतात. त्यांवर ती मेणात एकेक दात बसवते, मग पक्की कवळी तयार करून घासूनपुसून चकचकीत करते. दिवसभर स्टुलावर मान खाली घालून बसायचं काम. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर तिची मान आणि पाठ अशी काही धरली की डॉक्टरांनी सांगितलं, पोहायला जा. ती गेली. इथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती. औषध म्हणून पोहणारी बाई सगळ्यांना चालते. तीच बाई आवडतं म्हणून पोहायला लागली की लोकांच्या पोटात दुखायला लागतं.

आणि तिला आवडायला लागलं. पोहण्याच्या जोडीला सायकल आली, सायकलच्या मागून पळणं आलं, आणि एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं की ती ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहे. आधी पोहायचं, बाहेर येऊन तशीच सायकल हाणायची, आणि सायकलवरून उतरलं की पळत सुटायचं. आईने हातातला घास तसाच धरून विचारलं, "का गं, मागे कोण लागलंय?"

आई आणि मी खालच्या मजल्यावर राहतो, दादा-वहिनी आणि त्यांची दोन पोरं वरच्या. त्यामुळे तिचा सराव आम्हाला डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त कळायचा. भल्या पहाटे जिन्यावरून सायकल उतरवताना ती एक तरी पायरी खडखडवायचीच. परत येऊन पोरांचे डबे, थोरलीच्या वेण्या, धाकट्याचे बूट, आणि मग कामावर. संध्याकाळी पोरांना बागेत नेलं की ती बागेभोवती पळायची, आणि प्रत्येक फेरीला घसरगुंडीपाशी हात वर करून "दिसतेय का मी?" म्हणून ओरडायची. त्यांच्या व्हरांड्यात पाण्यातून निघून सायकलवर चढायच्या घाईचा आणखी एक खेळ चालायचा. वहिनी ओल्या पायांनी न्हाणीतून पळत यायची, हेल्मेट, मोजे, बूट चढवायची, आणि थोरली मोबाइलवर वेळ लावून एखाद्या मास्तरणीसारखी म्हणायची, "आई, मोज्यात फार वेळ घालवतेस तू."

लोक मात्र काय म्हणायचे? "मुलांना कोण सांभाळतं?" शेजारीण, शाळेतल्या बाई, पोहण्याच्या तलावावरचा तिकीटवाला, अगदी तिच्या कामावरचा प्लास्टर कालवणारासुद्धा. माझा दादा छापखान्यात काम करतो आणि दर रविवारी मित्रांबरोबर फुटबॉल खेळतो. गुडघे फोडून घेऊन लंगडत घरी येतो. आजवर एकाही माणसाने त्याला हे विचारलेलं नाही. उलट आई त्याला शेकायला गरम पाणी देते.

वहिनी आमच्या भागातल्या एका क्लबात सरावाला जायची. तिथे एक कोचसाहेब होते. छातीवर शिट्टी, तोंडात सतत "शिस्त, शिस्त". दरवर्षीची ट्रायथलॉनची शर्यतही तेच भरवायचे, आणि शर्यतीचा सगळा खर्च उचलायचे एक टायरवाले. मोठ्या रस्त्यावर त्यांचं टायरचं भलंमोठं दुकान आहे. शर्यतीच्या कमानीवर, बॅनरवर, टोप्यांवर सगळीकडे त्यांच्याच दुकानाचं नाव.

एका रविवारी सरावाला निघालेली वहिनी सायकलवर एकटीच होती. उजाडलेलं होतं, रस्ता रुंद आणि मोकळा होता, अंगात भडक पिवळं जाकीट, मागे लाल दिवा. एक गाडी तिला ओलांडून पुढे गेली आणि इशारा न देता तिच्या तोंडासमोर टायरच्या दुकानाकडे वळली. वहिनी गाडीवर आपटून रस्त्यावर फेकली गेली. गाडीतून टायरवाले स्वतः उतरले. उतरल्यावर त्यांनी आधी काय केलं असेल? बंपरवरून हात फिरवून पाहिला. मग रस्त्यावर पडलेल्या वहिनीकडे वळून म्हणाले, "अहो बाई, घरी लेकरं असतील ना? कशाला हे नसते उद्योग?"

तिचं गळ्याजवळचं, हासळीचं हाड मोडलं होतं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तिथल्या डॉक्टरने हाताला झोळी बांधता बांधता विचारलं, "मुलं कुणाकडे आहेत आता?"

"त्यांच्या वडलांकडे," वहिनी म्हणाली.

"वा! नशीबवान आहात."

हाड मोडलेल्या बाईला नशीबवान म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गाडी कुणाची होती, तिला ठोकून गाडीवाला कुठे गेला, हे डॉक्टरने विचारलंच नाही.

घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "मी तक्रार करणार." दादा खुर्चीत बसून हाताची नखं बघायला लागला. मग म्हणाला, "जाऊ दे ना. जीव वाचला हे काय थोडं झालं? पोलीस ठाण्याच्या चकरा कोण मारणार?"

"मी मारणार. पाय शाबूत आहेत माझे."

"मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"खेळताना तुझा पाय कुणी मोडला असता आणि वर तुलाच चार शब्द ऐकवले असते, तर मी जाऊ दे म्हटलं असतं?"

"ते वेगळं. तो खेळ—"

"तुझा तो खेळ आणि माझं ते खूळ? हेच म्हणायचंय ना तुला?"

दादा उठून व्हरांड्यात गेला. खरं सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मीही मूग गिळून बसले. नवराबायकोच्या मध्ये कशाला, असा आपला सोयीचा विचार केला.

वहिनीचा हात वर जात नव्हता, म्हणून तिचे केस धुवायला आई वर गेली. आईला तिचं ते पळणं-पोहणं कधीच फारसं पटलं नव्हतं. न्हाणीत वाळत घातलेल्या पोहण्याच्या कपड्यांवरून ती रोज कुरकुरायची. डोक्यावर पाणी घालता घालता तिने विचारलं, "तो गाडीतून उतरल्यावर आधी काय बघत होता म्हणालीस?"

"बंपर."

आईने पुढचा तांब्या असा काही ओतला की वहिनी ओरडली, "अहो आई, माझा काय दोष!"

मग कोचसाहेब आले. द्राक्षांची पिशवी घेऊन आले. वहिनी समोरच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती, आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. कोचसाहेबांनी खुर्ची ओढली ती दादाच्या बाजूला, आणि सगळं बोलणं दादाशीच.

"काय आहे, झालं ते वाईटच झालं. पण टायरवाले आपल्यातलेच आहेत. ते मागे सरले तर शर्यत बंद पडेल. इतक्या मुलांचं नुकसान. तुम्ही जरा समजवा यांना. रागाच्या भरात बायका काहीतरी करून बसतात."

वहिनी त्याच्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती बघत होती. ते बघणं मला रागापेक्षा वाईट वाटलं. शेवटी दादा म्हणाला, "साहेब, ती इथेच बसली आहे."

"अं?"

"मला काय सांगताय? हाड तिचं मोडलंय. तिच्याशी बोला."

कोचसाहेबांनी खुर्ची थोडीशी वळवली. "काळजी घ्या," एवढं म्हणाले आणि उठले. ती द्राक्षं आईने त्यांच्या हातात परत दिली. "आमच्याकडे कुणी खात नाही," म्हणाली. तेव्हा धाकटा पिशवीकडेच टक लावून बघत होता.

पोलीस ठाण्यात मी वहिनीबरोबर गेले. तिथल्या अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि गोड आवाजात म्हणाला, "आपसात मिटवून टाका. तुम्ही आई आहात. या भानगडीत मुलांचे हाल होतील."

"मुलांचे हाल सुरू झालेत," वहिनी म्हणाली. "मला धाकट्याला उचलता येत नाही. थोरलीची वेणी घालता येत नाही. काम बंद आहे माझं. हे हाल कुणी केले, तेवढंच लिहा."

त्याने त्या दिवशी नाही लिहिलं. "मोठे साहेब आल्यावर या." आम्ही पुन्हा गेलो, मग पुन्हा गेलो. शेवटी टायरच्या दुकानासमोरच्या औषधांच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात गाडी वळताना स्पष्ट दिसली, तेव्हा कुठे पोलिसांचा नाइलाज झाला आणि त्यांनी तक्रार लिहून घेतली. टायरवाल्यांना दंड झाला, काही महिने गाडी चालवायला बंदी झाली. ते महिने त्यांनी मागच्या सीटवर बसून काढले. माफी? छे! उलट दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "आजकाल बायकांना रस्ता पुरत नाही."

आणि क्लबाने काय करावं? वहिनीलाच काढून टाकलं. कारण विचारलं तर म्हणे, वातावरण बिघडतं. हाड मोडल्याने वातावरण बिघडलं नाही, मोडलं म्हणून सांगितल्याने बिघडलं!

हाड जुळल्यावर ती पुन्हा पाण्यात उतरली. आधी नुसती फळी धरून पाय मारायची, मग एका हाताने, मग दोन्ही. मोडलेल्या बाजूचा खांदा पूर्ण वर जातच नव्हता, अजूनही जात नाही. सायकल तिने गच्चीत लोखंडी स्टँडवर चढवली आणि वाळत घातलेल्या चादरींकडे तोंड करून घाम गळेपर्यंत पायडल मारायची. रस्त्यावर जायचं मात्र नाव काढेना. एकदा गेली, मागून गाडीचा आवाज आला आणि हात ब्रेकवरच आखडले. उतरून सायकल ढकलत घरी आली. दारात बूट काढताना तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून ती आणखी चिडली.

दुसऱ्या दिवशी दादाने कुणाची तरी जुनी सायकल मागून आणली. "मी तुझ्या मागे राहतो," म्हणाला. "गाडी आली तर आधी माझ्या अंगावर येईल." माझा दादा फुटबॉल खेळतो खरा, पण सायकलवर त्याच्या छातीचा भाता व्हायचा. तरी रोज गेला. एका सकाळी चढावर वहिनी त्याला सोडून पुढे निघाली ती थांबलीच नाही. दादा धापा टाकत एकटा घरी आला, आणि इतका खूश होता की आईला वाटलं त्याला ऊन लागलं.

शर्यतीत नाव नोंदवायचं वहिनीने ठरवलं तेव्हा मीच म्हणाले, "त्यांच्याच शर्यतीत? टायरवाल्यांच्या कमानीखालून?"

"रस्ता काही त्यांच्या बापाचा नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. पाण्यातून वहिनी जवळजवळ शेवटी आली, खांद्याने दगा दिला. पण सायकलवर बसली आणि तिचं रूपच पालटलं. शर्यतीसाठी रस्ता बंद केला होता. एकही गाडी नाही. नंतर तिने मला सांगितलं, "तिथे माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आनंदाने नाही गं. म्हटलं, वर्षातून एक दिवस हे जमतं, मग बाकीचे दिवस काय धाड भरते यांना?" कितीतरी जणांना तिने त्या रस्त्यावर मागे टाकलं. मग पळणं. धाकटा कठड्यावर चढून ओरडत होता, थोरली घड्याळ बघून ओठ चावत होती.

कमानीपाशी कोचसाहेब माइक घेऊन उभे होते. वहिनी वळणावर दिसली आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "टाळ्या! टाळ्या! दोन लेकरांची आई! भीषण अपघातावर मात करून आलेली आपल्या क्लबची रणरागिणी!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या क्लबची! वहिनी कमानीतून आत आली, गुडघ्यांवर हात टेकून तिने श्वास घेतला, मग सरळ त्यांच्याकडे चालत गेली आणि हात पुढे केला. कोचसाहेबांना वाटलं, आभार मानायचेत. त्यांनी हसत हसत माइक दिला.

"मी यांच्या क्लबात नाही," वहिनी म्हणाली. धाप लागली होती, शब्द तुटत होते. "यांनी मला काढलं. आणि अपघात म्हणू नका. मला गाडीने उडवलं. ती गाडी ज्यांची, त्यांचं नाव या कमानीवर आहे. मी तक्रार करू नये म्हणून हे साहेब माझ्या घरी आले होते. बास. पाणी कुठे मिळेल?"

पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेल्या टायरवाल्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. गर्दीच्या टोकाला उभ्या असलेल्या आईने, जिला पळणं-पोहणं कधी पटलं नव्हतं, तिने मोठ्याने म्हटलं, "मागपर्यंत ऐकू आलं हो!"

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही, कारण झालं नाही. चांगल्या कार्यक्रमाचा विचका केला म्हणून लोकांनी वहिनीलाच नावं ठेवली. पुढच्या वर्षीच्या कमानीवर त्याच दुकानाचं नाव होतं, आणि कोचसाहेबांच्या छातीवर तीच शिट्टी. मात्र क्लबातल्या दोघीजणी, एक शाळेत शिकवणारी आणि एक केस कापणारी, आपणहून क्लब सोडून वहिनीकडे आल्या. "आम्हालाही कुणीकुणी असंच घासून गेलंय," म्हणाल्या. "आम्ही घरी सांगितलंच नाही. सायकल बंद केली असती."

आता त्या तिघी एकत्र निघतात. दादा त्यांच्यात नसतो, त्याला पोरांचे डबे भरायचे असतात, आणि तो ते वाईट भरतो. रस्त्यावर गाड्या अजूनही अंगाला घासूनच जातात. प्रत्येक वेळी तिघी मिळून त्या गाडीवाल्याच्या नावाने असा काही आरडाओरडा करतात की आजूबाजूच्या खिडक्या उघडतात, झोपमोड झालेली माणसं बाहेर डोकावून बघतात. बघू देत.