गाण्यात मालन कुठे आहे

दुपारी जेवून आडवं झालं की त्र्यंबकअण्णांना बहिणीचं, मालनचं ते पत्र आठवतं. त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. ‘अण्णा, गाणं मिळालं. नातवाचा हेडफोन लावून ऐकलं. पेटी गोड वाजली आहे. पण मी कुठे आहे रे? मी गायले नव्हते का?’

अण्णा मनाला लावून घेणारे. त्यांना वाटलं, आवाज आपल्याच हातून बिघडला. आधी नीट करू, मग उत्तर देऊ. ध्वनिमुद्रण म्हणजे म्हातारपणी पुस्तकं वाचून शिकलेली विद्या. मिरजेच्या घरात मालन गायली, अण्णांनी पेटी वाजवली. मग कॉम्प्युटरवर त्यांनी दोन्ही आवाज मांडले. गाणं कोंदट वाटू नये, ऐसपैस वाटावं, म्हणून मालन पार डावीकडे आणि पेटी पार उजवीकडे. मधे मोठं अंगण. पत्र आल्यावर त्यांनी तिचा आवाज घासूनपुसून स्वच्छ केला, चढवला. तरी पाठवायचा धीर होईना. तेवढ्यात तिकडे सासरी, देवरुखला मालन वारली.

डोळे मिटतात. हेडफोन कानातच राहतो.

खाटेच्या कडेला मालन बसली आहे.

“पाहुणी आली आणि हा घोरतोय. सरक जरा.”

अण्णा सरकतात ते एसटीच्या डाव्या बाकावर. घाट लागला आहे. खिडकीशी अण्णा, शेजारी मालन. बाहेर झाडांऐवजी पुस्तकांची कपाटं मागे पळताहेत.

“माले, तुझं गाणं बिघडवलं मी.”

मालन समोर बघत राहते. अण्णा पुन्हा म्हणतात, मोठ्याने.

“काय पुटपुटतोयस? ऊठ बघू. खिडकी माझी.” ती त्यांना उठवून खिडकीशी बसते. “हं, आता बोल.”

अण्णांना आत्ता उमगतं. लहानपणी मालनचा कान फुटला होता. डावा. तो गेला तो गेलाच. जन्मभर अण्णा तिच्या उजवीकडून चालले, पंगतीत उजवीकडे बसले, सासरी जाताना उजव्या कानाशीच काहीबाही बोलले. आणि गाण्यात तिला नेऊन बसवलं डावीकडे, नुसत्या डाव्या कानात वाजेल अशी.

“माले, तू होतीस गं. तुझ्या त्या मेल्या कानात होतीस.”

“अय्या, होय?” ती खुदकन हसते. मग हसू ओसरतं. “मला वाटलं, अण्णाला माझं गाणं आवडलं नाही, म्हणून काढून टाकलं. उत्तरही आलं नाही. म्हटलं, तसंच असणार.”

“नाही गं! कोण म्हणतं आवडलं नाही?”

“मग सांगायचंस की.”

एसटी थांबते ती स्वयंपाकघरात. मालन ओट्याशी उभी आहे.

“मला मधे घे,” ती म्हणते. “अंगण नको. दाटीवाटीने बसू आपण, पेटीला खेटून.”

डाव्या कानातला कापसाचा बोळा काढून ती अण्णांच्या तळहातावर ठेवते.

“हे घे. आता लागत नाही.”

अण्णा जागे होतात. ऊन भिंतीवरून खाली आलेलं. मुठीत कापसाचा बोळा आहे, लसणाच्या तेलाचा वास येणारा.

ते कॉम्प्युटरपाशी बसतात. तिला मधे आणतात, पेटीलाही. नुसत्या उजव्या कानाने ऐकतात. मालन आहे. नुसत्या डाव्याने ऐकतात. आहे. गाणं आता अगदी लहानशा खोलीतलं वाटतं. अण्णा ते तसंच ठेवतात.

पोस्टातली बाई पाकीट उलटसुलट करून बघते. आत पेनड्राइव्ह आणि दोन ओळी आहेत: ‘तू गायली होतीस, माले. फार सुरेख गायली होतीस.’

“रजिस्टर करू का, आजोबा? ज्यांचं नाव आहे त्यांची सही मिळते.”

अण्णा पाकिटावरच्या मालनच्या नावाकडे बघतात.

“नको, बाई. साधंच जाऊ दे,” ते म्हणतात आणि तिकिटाला डिंक लावतात.