अंतरपाटाआडचं मशीन

पांढुर्ण्यात भैय्याजी घागऱ्यांना विचारल्याशिवाय कोणी टेप किंवा रेडिओ घेत नसे. भैय्याजी जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेले, राममंदिराच्या भजन मंडळात पेटी वाजवायचे. कोणाचा सूर जरासा उतरला की पेटी थांबवून त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. लोक त्यांना कानवाले भैय्याजीच म्हणत.

अलीकडे मात्र त्यांचा संशय फार वाढला होता. दुकानदार हळू बोलला म्हणजे गिऱ्हाईक फसवतो, ओट्यावरची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणजे आपल्याविषयीच बोलतात. सगळ्यात जास्त संशय बायकोवर, केसरबाईंवर. "ही माझ्यापासून काहीतरी लपवून राहिली," असं ते मला, मंडळातल्या टाळकऱ्याला, दर आठवडी बाजारात ऐकवायचे. अशा सरळ बाईवर संशय घेणाऱ्या माणसाचा मला संताप यायचा.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात मंडळाचं जुनं मशीन जळालं. गावात ॲम्प्लिफायरला मशीनच म्हणतात. नवीन घ्यायला दोन आली. एक नागपूरच्या दुकानातलं, चकचकीत, समोर हलणारा काटा. दुसरं सौंसरच्या उत्तमनं स्वतः जुळवलेलं, लाकडी खोक्यातलं. भैय्याजींनी स्पीकरवर तळहात ठेवला, काट्याकडे डोळे लावले आणि लगेच निकाल दिला, "नागपूरचंच घ्या. उत्तमचं घोगरं वाजते."

मला तरी फरक वाटला नव्हता. आमच्यातल्या दोघा-तिघांनी डोळ्यांनीच एकमेकांना विचारलं, की याची त्या दुकानदाराशी काही मिलीभगत तर नाही?

उत्तम तडकला. "भैय्याजी, तुम्ही काटा पाहून आवाज ओळखून राहिले. दोन्ही मशीनवर पडदा टाकू, मग सांगा."

"माह्या कानाची परीक्षा घेतं काय बे?"

"कान पक्का असन तं भेवाचं काय काम?"

भैय्याजींचा चेहरा उतरला. नाही म्हणावं तर कानवाले हे नाव त्याच दिवशी गेलं असतं. "हा डाव आहे," असं पुटपुटत त्यांनी होकार दिला.

पडदा कुठून आणणार? पुजाऱ्याच्या घरून लग्नाचा अंतरपाट आला, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला. तो सभामंडपाच्या दोन खांबांना बांधला. पलीकडे मशीनं, स्पीकर आणि मंडळातल्या बाया, त्यांत गाणाऱ्या केसरबाईही. अलीकडे भैय्याजी आणि आम्ही. "आता मंगलाष्टकं म्हणा," पलीकडून जयवंताबाईंनी चिमटा काढला. सगळे हसले. भैय्याजी हसले नाहीत. का हसतात म्हणून ते प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते.

कॅसेट केसरबाईंच्याच भजनाची होती. उत्तम म्हणाला, "मोठ्या आवाजात सगळेच मशीन चांगले वाजते. बारीक ठेवतो." आधी एक वाजलं, मग वायर बदलून दुसरं. भैय्याजी डोळे मिटून मान डोलवत होते, मांडीवर ताल धरत होते.

आणि मधेच लाइट गेली. भरदुपार, थंडीचे दिवस, पंखा बंदच होता. मंडपात एकदम शांतता पसरली.

भैय्याजींचा हात मांडीवर चालूच होता. मानही डोलत होती.

कोणी हसलं नाही. उत्तमची तर मान खाली गेली. तळहात, काटा, पोरांचं पुटपुटणं, सगळं एकदम ध्यानात आलं. कोणीतरी "लाइट..." म्हणेपर्यंत पलीकडून केसरबाईंनी गायला सुरुवात केली. कॅसेट जिथे थांबली, बरोबर त्याच ओळीपासून.

भैय्याजींनी डोळे उघडले. "वा. हेच नागपूरचं. कसं बारीक, साफ येऊन राहिलं."

आम्ही सगळे खाली सतरंजीकडे बघत होतो. त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा जुना संशय जागा झाला. "काय लपवून राहिले तुम्ही? पाहू द्या मले." ते उठले आणि त्यांनी अंतरपाट एका बाजूने सोडला.

दोन्ही मशीनांचे लाल दिवे विझलेले होते. मशीनांच्या मागे केसरबाई बसल्या होत्या, त्यांचे ओठ हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

भैय्याजींनी दिव्यांकडे पाहिलं, मग त्या ओठांकडे. ओठ थांबले.

"कवापासून माहीत आहे तुले?"

केसरबाई उठून त्यांच्या समोर आल्या आणि तोंड त्यांच्या तोंडाजवळ नेऊन मोठ्यानं बोलल्या, "मागच्या पोळ्यापासून. तुमच्या मनाला लागन म्हणून नाही बोलली."

"म्हणजे हेच लपवून राहिली होती तू."

"हो."

भैय्याजी अंतरपाटाच्या सुटलेल्या टोकाची घडी करू लागले. लाइट आली, दिवे लागले, कॅसेट पुन्हा सुरू झाली. उत्तमनं घसा साफ करून हळूच विचारलं, "भैय्याजी, मंग कोणतं घ्यायचं?"

भैय्याजींनी त्याचे ओठ नीट पाहिले. मग बायकोकडे बोट केलं.

"तिले विचार. तिनं आयकलं."